बॉइल करून घ्या!

माझ्या हातून आजवर पुष्कळ गोष्टी बिघडल्या आहेत. पण एकाच दुपारी दूध, बटाटे आणि मटकी अशा तीन निरपराध जिनसांची वाट लावण्याचा योग पहिल्यांदाच आला. आणि गंमत म्हणजे त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. दोष होता एका शब्दाचा. हा शब्द मूळचा परदेशी असून सध्या तो आपल्या स्वयंपाकघरात पाहुणा म्हणून नव्हे, तर घरजावई म्हणून राहतो आहे. त्या घरजावयाला घराबाहेर काढावं, ते जमत नसेल तर निदान ओसरीवर बसवावं, एवढ्यासाठी हा लेख.

झालं असं. आमची ही सोलापूरला बहिणीकडे गेलेली. सूनबाई ऑफिसात. संध्याकाळी व्याही आणि विहीणबाई जेवायला यायचे होते. दुपारी दोनच्या सुमारास सूनबाईंचा फोन आला.

"बाबा, एवढं करून ठेवाल का? दूध बॉइल करून ठेवा, बटाटे बॉइल करून ठेवा आणि मटकी थोडी बॉइल करून घ्या. बाकीचं मी आल्यावर बघते."

"एवढंच ना?" मी म्हणालो. ज्या माणसाने तीस वर्षं कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे केले, त्याला 'बॉइल' या एका क्रियापदाचं काय भय?

मी कामाला लागलो. तीन लिटर दूध पातेल्यात घातलं, त्याला एक उकळी आणली, निववलं, झाकलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिलं. बटाट्यांची सालं काढली, बारीक फोडी केल्या आणि चहाला ठेवतात तशा पाण्यात टाकून अग्रलेख वाचत बसलो. अग्रलेख लांब होता. मटकीच्या बाबतीत मात्र सूनबाईंनी 'थोडी' असा स्पष्ट शब्द वापरला होता, म्हणून मी मूठभरच काढली आणि ती अगदी डाळीसारखी एकजीव होईपर्यंत रटारटा शिजवली.

साडेसहाला सूनबाई आल्या. त्यांनी पहिलं पातेलं उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं आणि स्टुलावर बसल्या.

"बाबा, बासुंदी करायची होती!"

"मग बासुंदी म्हणायचं की!"

"दूध बॉइल करून ठेवा, म्हटलं ना मी? चांगलं तास-दीड तास."

"अगं, त्याला दूध आटवणं म्हणतात. दूध नुसतं करायचं असतं त्याला तापवणं म्हणतात. बटाटे उकडतात. मटकीला एक वाफ आणतात. तू तिन्हींना एकच शब्द लावलास."

"तेच ते, बाबा!"

या 'तेच ते'वर माझं रक्त खवळलं. अहो, तेच ते कसं? एकीकडे अर्ध्याहून कमी झालेलं दाट दूध, दुसरीकडे वाडगाभर पातळ दूध, हे जर तेच ते असेल, तर व्याह्यांना वाडग्यात काय वाढायचं? शेवटी केशर घालून ते दूधच वाढलं. व्याही सज्जन. "वा! पचायला हलकं आहे," असं म्हणाले. बटाट्याची भाजी ओगराळ्याने वाढावी लागली. मटकी कोणाच्या पानात गेली, हे आजतागायत कळलेलं नाही.

रात्री चिरंजिवांनी खटल्याचा निकाल दिला. "बाबा, तुमचाही दोष नाही आणि तिचाही नाही. मराठीची व्होकॅब्युलरीच लिमिटेड आहे. इंग्लिश कसं प्रिसाइज असतं."

मराठी बोलताना पाच शब्दांतला एक मराठी वापरणाऱ्या माणसाने मराठीच्या शब्दसंपत्तीबद्दल बोलावं, याला काय म्हणावं? तरी मी भांडलो नाही. आधी पुरावा गोळा करायचा, मग आवाज चढवायचा, ही कचेरीतली जुनी सवय. मी कोश काढून बसलो. वाचकहो, आता खरी मौज ऐका.

चिरंजिवांचं अर्धं म्हणणं खरं निघालं. पाणी, आच आणि भांडं या तिघांच्या संसाराबद्दल इंग्रजीत खरोखरच शब्दांची रेलचेल आहे. पाण्याला मोठे बुडबुडे येऊन ते वरखाली नाचू लागलं की बॉइल. कडेकडेने बारीक बुडबुडे येऊन नुसतं कुजबुजत असलं की सिमर. हा शब्द त्या आवाजावरूनच आला आणि पूर्वी तो सिंपर असा होता. दूध उकळीच्या जरा अलीकडे आणून थांबवलं की स्कॉल्ड. अंडं उकळीखालच्या पाण्यात हळूहळू जोजवलं की कॉडल, आणि त्यावरूनच पोराचे फाजील लाड करण्यालाही कॉडल. अंडं फोडून पाण्यात सोडलं की पोच. हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ पिशवीत घालणे. पांढऱ्याच्या पिशवीत पिवळं जाऊन बसतं म्हणून. दुसऱ्याच्या रानातली शिकार चोरून पिशवीत घालणाऱ्यालाही तिकडे पोचरच म्हणतात. एकूण काय, ज्याला पोच नाही त्याने या भानगडीत पडू नये.

स्ट्यू शब्दाची कुळकथा तर सोवळ्यातल्या वाचकांची क्षमा मागूनच सांगायला हवी. स्ट्यू म्हणजे मूळचं बाष्पस्नानगृह. लंडनच्या थेम्स नदीपलीकडच्या अशा स्नानगृहांतून स्नानाखेरीज इतर उद्योगच फार चालू लागले, म्हणून स्ट्यू हे वेश्यागृहांचंच नाव होऊन बसलं. आठव्या हेन्रीने १५४६ साली ती बंद करवली. पुढच्या वेळी हॉटेलात 'एक व्हेज स्ट्यू' असं खणखणीत आवाजात सांगताना आजूबाजूला कोणी इतिहासाचा प्राध्यापक नाही ना, हे पाहून घ्या.

आणि पारबॉइल? याचा मूळ लॅटिन अर्थ 'पूर्णपणे उकळणे'. पण इंग्रजांना त्यातल्या 'पार'मध्ये 'पार्ट' म्हणजे अर्धा भाग ऐकू आला, आणि शतकानुशतकं तो शब्द 'अर्धवट उकळणे' म्हणून चालतो आहे. थोडक्यात, शब्दाचा अर्थच अर्धवट शिजला. कोकणात नि गोव्यात ज्या तांदळाची पेज होते, त्याला पाकिटावर पारबॉइल्ड राइस म्हणतात. आपल्याकडे त्याचं नाव उकडा तांदूळ. भात सालासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेला. दोन शब्दांत सगळी कृती आली की नाही?

पण मला खरी भुरळ घातली ती या शब्दांच्या दुसऱ्या जन्माने. इंग्रज माणसाने चुलीवरचा एकेक शब्द उचलून तो मनाला लावला आहे. राग आतल्या आत मंदपणे राहिला की सिमर. (आणि गंमत म्हणजे कोणाला 'शांत हो' म्हणायचं तरी 'सिमर डाउन'च म्हणतात.) तो वर येऊ लागला की सीद. मर्यादेबाहेर गेला की बॉइल. चिंतेत स्वतःलाच शिजवत बसला की स्ट्यू. कारस्थान तयार होत असलं की ब्रू. लांबण लावलेल्या गोष्टीचं तात्पर्य काढायचं तर 'बॉइल डाउन', म्हणजे आपलं आटवणंच. ज्याच्या मनात ओलावा उरला नाही तो हार्ड-बॉइल्ड. डॅशियल हॅमेटच्या १९३० सालच्या 'द माल्टीज फाल्कन' कादंबरीतला गुप्तहेर हा त्यातला नमुना. आणि केवळ घरची चूल पेटती राहावी म्हणून लेखक जे खरडतो त्याला पॉटबॉइलर. या शेवटच्या शब्दावर मी जास्त थांबलो नाही.

एवढ्यावर संपत नाही. बॉइल हा शब्द लॅटिनमधल्या 'बुल्ला' म्हणजे बुडबुडा यावरून आला. बुडबुड्यासारखी गोल मोहोर असते तिलाही बुल्ला म्हणू लागले, मोहोर मारलेल्या कागदाला तेच नाव पडलं, आणि कोशकार सांगतात की आपल्या घरी दरमहा येणारं बिल त्याच बुल्लाच्या वंशातलं. तेव्हा विजेचं बिल पाहून कोणाचं रक्त उकळलं तर व्युत्पत्तिशास्त्राचा त्याला पूर्ण पाठिंबा आहे.

तर माझा पहिला मुद्दा असा, की आपण इंग्रजी बोलतो ही समजूतच खोटी आहे. इंग्रजाच्या स्वयंपाकघरात वीस भांडी मांडलेली. त्यातलं आपण एक उचललं, तेही सर्वांत ढोबळ, आणि घरी येऊन आपली वीसच्या वीस भंगारवाल्याला घातली. यात श्रीमंती कोणाची झाली? एखादा इंग्रज स्वयंपाकी आमच्याकडे आला आणि दूध, बटाटे, मटकी, तूप, चहा, भात सगळ्यांनाच बॉइल, बॉइल ऐकू लागला, तर तो बिचारा सीद होऊन परत जाईल.

आता आपली वीस मोजून पाहू. भाताला किंवा डाळीला पाणी ठेवलं की ते आधण. पाणी उकळतं, बटाटे उकडतात. लक्षात घ्या, पातळ ते उकळतं, घट्ट ते उकडतं. मराठीने नुसत्या एका अक्षराच्या फरकाने काम भागवलं आहे. लोणी कढवायचं, दूध आटवायचं, अळूवडी वाफवायची. पिठलं रटरटतं, आमटी खदखदते, दूध उतू जातं, डाळ शिजते, आणि एवढं सगळं झालं की निवतं.

मनाचा कारखाना पाहाल तर आपण इंग्रजाला रतिभरही हार जात नाही. लोकांत असंतोष खदखदतो. कुठेतरी कट शिजतो. एखाद्याची डाळ शिजत नाही. कोणाकोणाचं प्रेम उतू चाललेलं असतं. शिळ्या कढीला ऊत येतो. मायेचा कढ येतो. बाई मनातल्या मनात कढत राहते. विहीर आटते, तशी माया आटते. आणि इंग्रजाला स्वप्नातही सुचला नाही असा एक प्रयोग आपल्या खात्यावर आहे: पैसे उकळणे! भांडं नाही, पाणी नाही, जाळ नाही. नुसता समोरचा माणूस आणि टेबलाखालचा हात.

या सगळ्यांच्या जागी घरजावयाला बसवून पाहा. 'त्याने माझ्याकडून पाचशे रुपये बॉइल केले.' 'विरोधकांचा काहीतरी कट बॉइल होतो आहे.' 'तिला मायेचा बॉइल आला.' हसू येतं ना? मग 'दूध बॉइल करून ठेवा' याचं हसू का येत नाही? सवय. दुसरं काही नाही.

इथे काही वाचक माझ्या पाठीवर थाप मारायला पुढे सरसावतील, हे मला दिसतं आहे. 'अगदी बरोबर! आपल्याकडे उत्कलन हा शुद्ध शब्द असताना बॉइल कशाला?' त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, कृपा करून माझ्या बाजूला येऊ नका. उत्कलन, उत्कलनांक हे शब्द शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शोभतात, तिथे ते असू देत. तिथे त्यांचं कामही चोख आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून लवकर उकळतं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणून तिथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. पुणेकर मुंबईकरापेक्षा दोन अंश आधी तापतो, या लोकसमजुतीला असा शास्त्राधार आहे. महाबळेश्वरला ९५-९६ अंशच पुरतात. खुद्द सेल्सिअस महाशयांनी १७४२ साली मोजपट्टी मांडली तेव्हा उकळीला शून्य आणि बर्फाला १०० दिले होते. ती नंतर लोकांनी उलटी केली. शास्त्राचा शब्द असा लोकांनी बैठकीत बसून ठरवायचा असतो. पण चुलीपुढचा शब्द कोणी ठरवलेला नसतो. तो कानाने ऐकलेला असतो. 'रटरट' हा शब्द कोणत्या समितीने मंजूर केला? पिठल्याने केला! बॉइल म्हणणारे आणि उत्कलन म्हणणारे, दोघांनाही पातेल्यातला आवाज ऐकू येत नाही, एवढंच त्यांच्यातलं साम्य.

उलट ज्याला तो ऐकू आला तो होता एक साहेब. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला आणि १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला. त्यात खदखदीला जागा आहे, रटरटीलाही आहे. परका माणूस येऊन आपल्या आमटीचा आवाज कान देऊन टिपून घेतो, आणि आपण ती आमटी बॉइल करतो!

'पण भाषा बदलायचीच,' असं चिरंजीव म्हणतात. 'बटाटा काय मराठी आहे? कुकर काय मराठी आहे?' हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. पण तो हात हलवत आला नाही, बटाटा घेऊन आला. कुकर आला तो शिट्टीसकट आला. चहा आला तो कपबशी घेऊन आला. असे पाहुणे हजार येवोत, मी दारात आरती घेऊन उभा राहीन. बॉइल काय घेऊन आला? आपल्याकडे उकळतं पाणी नव्हतं का? हा पाहुणा रिकाम्या हाताने आला आणि घरातल्या दहा माणसांना उठवून त्यांच्या जागी एकटा आडवा झाला.

आणि असा प्रकार जगात पहिल्यांदा होतो आहे असं नाही. हाच प्रकार एके काळी खुद्द इंग्रजांच्या घरात झाला. मघाशी सीद हा शब्द आला. आज त्याचा अर्थ आतल्या आत रागाने खदखदणे. पण मुळात तो त्यांचा घरचा, अस्सल जुना इंग्रजी शब्द, आणि त्याचा अर्थ साधा सरळ 'पाण्यात उकडणे'. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात करडू आईच्याच दुधात शिजवू नये अशी आज्ञा आहे, तिथे हाच शब्द आहे. पण १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राजवाड्यात फ्रेंच बोलली जाऊ लागली, आणि फ्रेंचमधून बॉइल आला. मालकाचा शब्द! हळूहळू सगळी पातेली बॉइलने घेतली. घरच्या सीदला भांडं उरलं नाही. मग तो कुठे गेला? तो रागात जाऊन राहिला. त्याचंच एक रूप सॉडन, म्हणजे पूर्वीचं 'उकडलेलं'. ते आज 'भिजून चिंब' एवढाच अर्थ घेऊन पावसात उभं आहे. आज इंग्लंडात कोणाला विचारलं, की बाबा, सीदवर किती बटाटे उकडतात, तर तो तोंडाकडे पाहत राहील.

मला हे वाचून हसू आलं, आणि मग आलं नाही. जिंकणाऱ्याचा शब्द पातेल्यात गेला आणि हरणाऱ्याचा शब्द नुसता रागापुरता उरला. आपल्या खदखदीचं हेच होऊ घातलं आहे. उद्या आपली नातवंडं वर्तमानपत्रात वाचतील, की अमुक गावात असंतोष खदखदतो आहे. पण खदखदणं म्हणजे काय, हे दाखवायला घरात आमटी नसेल. जी असेल ती बॉइल होत असेल. शब्दाखालची चूल विझली की शब्द काही दिवस कोमट राहतो, एवढंच. तूप बरणीतच विकत आलं आणि लोणी कोणी कढवलंच नाही, तर 'ती मनातल्या मनात कढत होती' या वाक्यातून तुपाचा वास कसा येणार? कढवताना आधी ते फसफसतं, मग आवाज बसतो, मग रंग बदलतो, मग बेरी तळाला जाते आणि वर सोन्यासारखं नितळ उरतं. बाईच्या मनाचं एवढं सगळं त्या एका क्रियापदात होतं. इंग्रजांकडे त्यासाठी दुसरे एकोणीस शब्द तरी शिल्लक राहिले. आपण एकच घेऊन बसलो आहोत.

'हे आपोआप होतं, कोणाला कळतसुद्धा नाही,' असं समजुतीने सांगणारे लोक बेडकाची गोष्ट सांगतात. बेडूक गार पाण्यात ठेवला आणि पाणी हळूहळू तापवलं तर तो बाहेर उडी मारत नाही, बसल्या जागी शिजतो. ही गोष्ट मी अनेक भाषणांत ऐकली आहे. ती खोटी आहे. १८६९ साली गोल्ट्झ नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने प्रयोग करून पाहिला. धडधाकट बेडूक पाणी २५ अंशांच्या आसपास जाताच सुटायची धडपड करू लागला. निवांत बसून राहिला तो ज्याचा मेंदू आधीच काढलेला होता तो. यावर मी काही भाष्य करत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय अडलं? शब्द गेला तर गेला, भात तर होतो? इथे मला माझ्या आईची गोष्ट सांगायला हवी.

मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. माझी बढती माझ्या खालच्या एका माणसाला मिळाली. का मिळाली ते सगळ्यांना माहीत होतं. मी तडक घरी आलो ते राजीनामा लिहायच्या तयारीने. आई स्वयंपाकघरात होती. मी उंबऱ्यात उभा राहून अर्धा तास बोललो. साहेबाचा उद्धार केला, कचेरीचा केला, जगाचा केला. आई ऐकत होती. तिने झाकण सारून पाहिलं आणि म्हणाली, "आधण आलंय. ते तांदूळ वैर बघू."

मी तांदूळ वैरले. वैरणे म्हणजे आधणात तांदूळ सोडणे. हाही शब्द आता विचारून घ्यावा लागतो. मग ती म्हणाली, "आधण आलं की लगेच वैरायचे असतात रे. नुसतंच उकळत ठेवलं तर पाणी जातं आटून आणि पातेलं लागतं करपायला."

एवढंच. पुन्हा ती राजीनाम्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी त्या रात्री राजीनामा लिहिला नाही. खात्याच्या परीक्षेचं पुस्तक काढलं आणि पहाटेपर्यंत वाचत बसलो. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने मला उपदेश केला, की भाताबद्दल बोलली, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुधा तिलाही तो फरक माहीत नव्हता. शब्द एकच होता, आणि तो चुलीवरही होता आणि माझ्या डोक्यातही होता.

आता हेच वाक्य आजच्या व्हिडिओवरच्या पाककृतीच्या भाषेत म्हणून पाहा: 'वॉटर बॉइल झालं की त्यात राइस ॲड करून घ्यायचा.' कृती अगदी बरोबर आहे. याने भात होईल. मुलगा शहाणा होणार नाही.

माझं भांडण आहे ते एवढ्यासाठी. इंग्रजीशी माझं वैर नाही. तिच्यावर तीस वर्षं माझं घर चाललं. ज्यांना इंग्रजी हवी त्यांनी ती पुरती घ्यावी, सिमर-सीद-स्ट्यूसकट घ्यावी; माझी हरकत नाही. पण अर्धी इंग्रजी आणि अर्धी मराठी असं पारबॉइल्ड काही घेऊ नये. आणि मला राग आला तेव्हा नुसता उकळत बसलो नाही. त्यात चार तांदूळ वैरले. ते म्हणजे हा लेख.

पुढच्या रविवारी सूनबाई स्वतः म्हणाल्या, "बाबा, आज बासुंदी करू. तुम्ही शब्द सांगा, मी दूध ढवळते." तीन लिटर दूध मंद आचेवर ठेवलं. कडेला साय धरू लागली की ती आत ढकलायची, ढवळत राहायचं, आटू द्यायचं. सूनबाई विचारत होत्या, मी सांगत होतो. उकळी कोणती, कढ कोणता, ऊत कोणता. कढ आणि ऊत यांच्यातला बारीक फरक मी इतका रंगून समजावून देत होतो, की तीही ढवळायची थांबून ऐकू लागली, आणि तेवढ्यात दुधाने तो फरक स्वतःच दाखवला. फस्सदिशी वर आलं आणि ओट्यावरून खाली.

सूनबाईंनी गॅस बंद केला आणि फडकं घेतलं.

"बाबा, याला काय म्हणायचं?"

"याला उतू जाणं म्हणतात."

"आणि दूध उतू जाईपर्यंत बोलत राहण्याला?"

मी उत्तर दिलं नाही. त्याला तोंडची वाफ दवडणं म्हणतात, हे तिला ठाऊक होतं.